टोकन नंबर २१४

८ जून, रविवार. सायं. ६.४०
डोकं तापलं आहे, म्हणून लिहितो. सुखदाला शिकायला नागपूरला जायचं आहे. मी म्हटलं, जी पोरगी जेवताना मोबाइल सोडत नाही, ती हॉस्टेलमध्ये काय अभ्यास करणार. तर म्हणते, बाबा, तुम्ही सात दिवस सोडून दाखवा. हे मला. सतरा वर्षं कारखान्याच्या गेटवर मोबाइल जमा करून आठ-आठ तास राहतो मी. नियम कारखान्याचा असेल, पाळतो तर मीच.
पैज ठरली. उद्यापासून माझी रजा. मोबाइल वापरला नाही तर नागपूर रद्द. वापरला तर तिचा फॉर्म मी भरायचा. ज्योती पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "चलो, बघू." बायकोचा हा सूर मला अजिबात आवडला नाही.

९ जून, सोमवार. स. ८.०५
मोबाइल घरात ठेवायचाच नाही. रजा असून गेटवर गेलो, रोजच्यासारखा जमा केला. टोकन नंबर २१४. गेटवरचा अंबादास म्हणतो, "भाऊ, छुट्टीत काहून जमा करून राहिले?" त्याला काय कळणार. केसाएवढी जाडी मोजणारा मायक्रोमीटर मला कोणी शिकवला नाही, माझा मी शिकलो. मोबाइल काय चीज आहे.

१० जून. स. ११.२०
भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं मागे. घरात एकाला पत्ता नाही. सगळे मोबाइलमध्ये बघतात.
गेटवर चक्कर. फक्त बॅटरी तपासली. ६१ टक्के. त्यात सत्तावीस मेसेज दिसले. दिसणं वेगळं, वापरणं वेगळं.

११ जून
बॅटरी चारदा. पनागर गावच्या मुरलीधरने मित्रांच्या ग्रुपवर नदीवरच्या तिलवाऱ्याच्या पुलाची लांबी साफ चुकीची टाकली. दुरुस्त केली. चौदा मिनिटं. चूक दिसूनही गप्प बसणं माझ्याने होत नाही. हा वापर नव्हे.

१२ जून
मुरलीधरचं उत्तर नाही. पाचदा बघितलं. अंबादास सगळ्यांसमोर विचारतो, मोबाइल बीमार आहे का भाऊ, सारखे भेटायला येऊन राहिले. लोक हसले. शिस्तीची किंमत नाही या देशात.

१३ जून
सातदा. मुरलीधरने फक्त अंगठा पाठवला. फक्त अंगठा.

१४ जून, शनिवार. दु. ४.१५
अंबादास घरी आला. रजेवरच्या माणसाचा मोबाइल इथे काहून, असं साहेबांनी विचारलं म्हणे. मोबाइल ज्योतीच्या हातात दिला. चहा पिता पिता सांगून बसला: चार दिवसांत सतरा वेळा काढला, आणि दरवेळी भाऊंनी रजिस्टरमध्ये मिनिटासकट वेळ लिहून सही केली. इतकी साफ नोंद कोणीच ठेवत नाही. मूर्ख माणूस माझी तारीफ करत होता.
सुखदाने माझा मोबाइल उचलून चार्जिंगला लावला. बोलली असती तर भांडता आलं असतं.

१५ जून, रविवार
फॉर्म भरला. एक चूक नाही. ओटीपी आला तेव्हा मोबाइल शोधायला उठलो. सुखदा म्हणाली, बाबा, तुमच्या हातातच आहे.
मग मी तिला बजावलं, तिकडे गेल्यावर रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करायचा. म्हणाली, रोज नाही जमणार, अभ्यास असेल. रविवारी करीन, दहा मिनिटं.
मी वीस मागितली. पंधरावर ठरलं.