क्विनोआ उपासाला चालतो का

२१ सप्टें., रवि. अमरावती.
आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन परत पुढे ढकललं. आधी साखर उतरवा, डॉक्टर म्हणाले. आणि उद्या घट बसणार. नवरात्रभर तिचे उपास, म्हणजे दोन्ही वेळा साबुदाणा. सोड म्हटलं, तर ती साबुदाण्याचा डबा काढून बसली.
मग क्विनोआ सुचला, अकोल्याला आमच्या अन्न तपासणीच्या लॅबमध्ये येतो तो. प्रथिनं चांगली, तंतू भरपूर, साखर हळू चढते. साबुदाण्यात जवळपास नुसता स्टार्च. शिवाय गहू-ज्वारीसारखं हे धान्य नाही. राजगिऱ्याच्या कुळातलं बी. राजगिरा चालतो, मग हे का नाही?
आई : "चालते असं तू म्हनून राहिली, का तुही लॅब?"
दोघी, म्हटलं.

२२, सोम.
सकाळी आईनेच धुतला. "फेस कायचा व हा? साबन टाकला का?" वरच्या थराचा कडवटपणा, तीन पाण्यांत गेला. जिरं, हिरवी मिरची, दाण्याचा कूट. परत मागून घेतला तिने. दुपारच्या गाडीने अकोला.

२५, गुरु. अकोला.
आईचा फोन. परतवाड्याची मावशी आली आहे. मागून तिचाच आवाज. "पुडीवर तं धान्य लिवेल हाये! पोरीनं बाटवलं तुले."
मावशी, साबुदाणाही बाहेरूनच आला, म्हटलं.
"तो आला तवा तू नोती."
हे उत्तर आहे का? जेवताना त्याच विचारात.

२८, रवि. अमरावती.
साखर उतरली. उपाशीपोटीची, जेवणानंतरचीही. असंच टिकलं तर दसऱ्यानंतर लगेच ऑपरेशन. संपलं, वाटलं.

१ ऑक्टो., बुध. रजा. अमरावती.
आई म्हणते, हे उपास हिशेबात धरायचे नाहीत. परत करणार, ऑपरेशनच्या आधी.
मावशीचं ऐकलंस?
"तिचं कोन आयकते! मले भूकच नाई लागली. सांजेपावतर पोट भरेल राहे. मंग उपास कायचा?"
अगं, तोच तर त्याचा गुण.
"हाव ना. म्हनूनच."
डोळा नीट होऊ दे म्हणून अंबादेवीला बोललेले उपास. साबुदाण्यावर परत केले तर साखर चढेल, ऑपरेशन हुकेल. न केले तर ती टेबलावर झोपणार नाही. दोन्ही बाजू लिहून पाहिल्या. चूक कुठेच सापडत नाही.

२, गुरु. दसरा.
सोनं द्यायला वाकले, तेव्हा आई हळूच म्हणाली, "भूक लागन पन साखर नाई वाढनार, असं काई हाये का तुह्या लॅबात?"
विचारून सांगते, म्हटलं.
कोणाला विचारायचं?