वहिनीची अर्धी जागा

अमरावती, मंगळवार, दिवेलागणीची वेळ

अकोल्याहून वहिनीचा फोन आला. "भाऊजी, तुमच्या त्या सर्व्हरवर माही जागा अर्धी शिल्लक दाखवते. म्हणून सारं तिकडे पाठवलं अन् फोन साफ करून टाकला."

साफ? दादा गेल्यावर त्याचा आवाज उरला होता तो त्या फोनातच.

सर्व्हर म्हणजे माझ्या घरातला संगणक, सगळ्या नातेवाइकांचे फोटो-व्हिडिओ साठवायचा. डिस्क केव्हाच गच्च भरलेली. फायलींची नावं तेवढी पोचली, आत काहीच नाही. तरी तिच्या स्क्रीनवर अर्धी जागा शिल्लक! ती अर्धी डिस्कची नव्हे, मी तिला नेमून दिलेल्या हिश्श्याची; तो हिस्सा मीच टाकलेला. एकाला जास्त, दुसऱ्याला कमी दिसलं की आमच्या घरात तोंडं फुगतात, म्हणून सगळ्यांना सारखाच मोठा हिस्सा दाखवला. डिस्क तेवढी आहे का, हे काहून नाही पाहिलं मी? काहून?

तेव्हापासून एकेक फाईल उघडून पाहतोय. रिकामी. हीही रिकामी. काय करू?

तिला सांगितलेलं नाही. फोन ठेवताना म्हणाली, "वर्षश्राद्धाले याल तेव्हा टीव्हीवर लावजा त्यायचे व्हिडिओ. जागा कमी पडली तर माह्या हिश्श्यातली घ्या, अर्धी शिल्लकच हाये."