माझ्या देखरेखीखालील इंग्रजी

सोमवार, ४ मार्च. सकाळी ७.१०
सूनबाई ज्या दंतवैद्यांकडे कामाला आहे, ते महिनाअखेरीस दवाखाना बंद करीत आहेत. मोठ्या हॉस्पिटलात रिसेप्शनची जागा रिकामी आहे. मुलाखत चौदा तारखेला, संपूर्ण इंग्रजीत. ही नोकरी हुकली तर घर एकट्या मुलाच्या पगारावर येईल. काल जेवताना मी जाहीर केले की शिकवण्याची जबाबदारी माझी. छत्तीस वर्षे छापखान्यात मुद्रितशोधक होतो. इंग्रजीची एकही चूक माझ्या नजरेतून सुटलेली नाही. मुलगा म्हणाला, "बाबा, दहाच दिवस आहेत." पुरेत, म्हणालो. बायको आमटी वाढत राहिली. आमटीसारखी शांत राहते ही, असे लिहिणार होतो. उपमा जमली नाही म्हणून सोडून दिली.

माझी पद्धत एकच. वाक्य आधी लिहायचे, तपासायचे, आणि निर्दोष ठरल्याशिवाय तोंडातून काढायचे नाही.

मंगळवार, ५ मार्च
पहिला पाठ: 'बी' आणि 'बिकम'. असणे ही अवस्था. होणे हा त्या अवस्थेपर्यंतचा प्रवास. पट्टीने रेघ मारून वहीत दोन रकाने आखले. गेट, ग्रो, टर्न, गो ही सगळी मंडळी होण्याच्या रकान्यात. सूनबाई म्हणाली, "बाबा, पेशंट दमलाय, एवढं सांगायला शिकवा ना आधी." मी विचारले, तो दमलेला आहे, की दमत आहे? ती घड्याळाकडे पाहू लागली. वेळेचे भान उत्तम आहे.

बुधवार, ६ मार्च. सकाळी ९.३०
निघताना सूनबाई दारातून म्हणाली, "आय ॲम बिकम लेट." तपासणीविना! तिला थांबवून, दोन्ही क्रियापदे एकाच वेळी एकाच खुर्चीवर का बसू शकत नाहीत, ते समजावले. चाळीस मिनिटे लागली. आता तिला खरोखरच उशीर झाला, त्यामुळे उदाहरण मनावर पक्के ठसले असेल. डबा मात्र टेबलावरच राहिला.

शुक्रवार, ८ मार्च
प्रगती: एक वाक्य मंजूर.
सूनबाई आज जरा उलट बोलली. म्हणाली, "चिडलेला पेशंट आणि चिडत चाललेला पेशंट, हा फरक मला कळतो हो बाबा. चिडत चाललेल्याला पाणी देऊन बसवता येतं. चिडलेल्याला थेट डॉक्टरांकडे न्यावं लागतं." विषयांतर. पाण्याचा रकाना आपल्या तक्त्यात नाही, हे मी तिच्या निदर्शनास आणून दिले.

रविवार, १० मार्च. सायंकाळी ७
रोज साडेसहा ते आठ स्वयंपाकघराचे दार आतून बंद असते. ही आणि सूनबाई फडताळे आवरतात म्हणे. आज चौथा दिवस. मधूनच जोरजोरात हसतात. फडताळात हसण्यासारखे काय असते, कोण जाणे. तथापि स्वच्छता स्तुत्य आहे.

हिच्यावरून आठवले. ही टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. दिवसभर इंग्रजी बोलायची, धडाधड आणि अशुद्ध. लग्नानंतर पहिली दोन वर्षे मी तिचे प्रत्येक वाक्य प्रेमाने दुरुस्त केले. तेव्हापासून आजतागायत माझ्यासमोर तिच्याकडून इंग्रजीची एकही चूक झालेली नाही. ह्याला शिकवणे म्हणतात.

बुधवार, १३ मार्च
मंजूर वाक्ये तीन. 'टर्न' व्हायचे राहिले. सूनबाईला म्हणालो, उद्या घाई करू नकोस. उत्तर मनात लिही, तपास, मग बोल. "हो बाबा," म्हणाली. नम्र आहे. मुलगा वर्तमानपत्राआड खोकत होता. त्याला काढा घ्यायला सांगितले.

गुरुवार, १४ मार्च. दुपारी ४
निवड झाली! माझ्या पद्धतीचा विजय.

त्याच दिवशी, ४.४५
थोडा तपशील नोंदवणे भाग आहे. क्रियापदांवर काय विचारले, असे मी उत्सुकतेने विचारले. काहीच नाही. त्यांनी तिच्या हातात फोन दिला आणि पलीकडून एक बाई संतापलेल्या पेशंटचे नाटक करीत होत्या. सूनबाई बारा मिनिटे बोलली. प्रत्येक वाक्य तपासलेस ना? तर म्हणते, "वेळच कुठे होता बाबा! पण आई रोज नवा पेशंट व्हायच्या ना. कधी बहिरा, कधी भांडकुदळ. त्या झारा कानाला लावायच्या, मी लाटणं."
आई म्हणजे ही. मुलालाही सगळे माहीत होते. परवा दाढदुखीचा पेशंट तोच होता.
हिला जाब विचारला. ही म्हणाली, "अहो, तिला चुकायला जागा हवी होती. तुमच्या खोलीत ती जागा नव्हती."
ह्यावर निर्दोष उत्तर तयार करीत आहे.

शनिवार, १६ मार्च. सायंकाळी ७
मोठ्या मनाने घेतले. सूनबाई सोमवारी रुजू होणार. तोवर सराव माझ्या देखरेखीखाली व्हावा, असे सुचवले. ही म्हणाली, "या की. पण देखरेखीला नाही, पेशंट म्हणून." स्टुलावर बसलो. रिसेप्शन कसे करायचे ते दाखवायला ही ओट्यामागे उभी राहिली आणि हसून म्हणाली, "येस सर, हाऊ आर यू फीलिंग टुडे?"
एकोणचाळीस वर्षांनी हिचे इंग्रजी ऐकले. आवाज वेगळाच होता, तरुण. चूक शोधायचे राहूनच गेले.
आता उत्तर. मला बरे आहे, की बरे होत आहे, की सकाळपासून बरे वाटू लागले आहे? काळ ठरवला. क्रियाविशेषण शेवटी ठेवावे की मध्ये, ह्याचा विचार केला. छत्तीस वर्षांत इंग्रजीच्या लाखो ओळी तपासल्या. कुणी इंग्रजीत माझी चौकशी केल्याचे मात्र आठवेना. तोवर हिने ओटा पुसून घेतला. मग मानेनेच मला बाजूच्या स्टुलावर सरकवून म्हणाली, "नेक्स्ट पेशंट, प्लीज." सूनबाई पोट धरून कण्हत पुढे आली.

७.५५
वाक्य तयार झाले. आत गेलो तेव्हा दोघी भाजी निवडत होत्या आणि मराठीत बोलत होत्या. मध्येच कसे बोलावे?
वाक्य निर्दोष आहे. उद्या बोलून दाखवीन. हिला वेळ असला तर.