तीन इसांत एक कमी

माय,

माझ्या हातांनी केलेल्या वस्तू आधी लिहितो, कारण तू त्या एकदाही नीट हातात धरून पाहिल्या नाहीस. सागाच्या अर्धा इंच फळीतून कोरलेली अठ्ठेचाळीस अक्षरं, बारा स्वर नि छत्तीस व्यंजनं, प्रत्येक अक्षर बरोबर दोन इंच उंच, कडा काचकागदाने घासून त्यांना एरंडेल पाजलेलं. शिसवी मण्यांची चौकट, दहा तारा, तारेवर दहा मणी. शंभरातले कुठलेही दोन मणी उचलून तराजूत घाल, काटा हलणार नाही. धूळपाटी, जिचे कोपरे मी मुद्दाम गोल ठेवले, म्हणजे धूळ अडून बसत नाही. घड्याळाची तबकडी, पितळी काट्यांची. खानदेशाचा नकाशा, त्यात तापी तांब्याच्या तारेची, ठोकून बसवलेली. आणि हे सगळं ज्यात मावतं ती पेटी, सात कप्प्यांची, खिळा एकही नाही. आज इतक्या वर्षांनीही तिचं झाकण बोटाच्या टोकाने उघडतं आणि आवाज न करता मिटतं.

शाळेची पायरी मी चढलो नाही, हे तुला ठाऊकच आहे, तूच नवव्या वर्षी मला कापसाच्या जिनात सरकी उपसायला लावलंस. बाप मेलेला, घरात दुसरं कमावणारं कोणी नाही, त्याबद्दल मी तुला बोल लावत नाही. पण अक्षर मी वाण्याच्या पुड्यांचे कागद सोडवून शिकलो, हिशेब काटेवाल्याच्या पाठीमागे उभा राहून शिकलो आणि पंचवीस वर्षांचा होईतो त्याच जिनात फिटर झालो. मला कोणी शिकवलं नाही, असं मी चारचौघांत अभिमानाने सांगत आलो. ते वाक्य अर्धं अभिमानाचं आहे आणि अर्धं तुझ्यावरच्या रागाचं, हे आज लिहिताना कळतंय.

प्लेगाच्या साली जिनात सरकीच्या ढिगाखाली मेलेले उंदीर सापडले. आठ दिवसांत दवंडी पिटली, नंदुरबार रिकामं करा. शाळेला कुलूप, जिनाला कुलूप, आणि कोरीटच्या वाटेवरच्या पडीक माळावर आमच्या गल्लीच्या झोपड्या, पळसाच्या मेढी, वर कडब्याच्या ताट्या. बायको तेव्हा बाळंतपणाला नवापूरला माहेरी गेलेली, ती तिकडेच अडकली. मुलगी सात वर्षांची, शाळेत तिचं नाव मी त्याच वर्षी घातलं होतं. भाऊबंद हसले होते, पोरगी काय मामलेदार होणार का म्हणून. शाळा बंद झाली तेव्हा खरं सांगू का माय, सगळं गाव प्लेगाने गारठलेलं आणि मला मनातून आनंद झाला. वाटलं, आता माझी वेळ आली. मुलगी जन्मली तेव्हापासून मी त्या वस्तू करत होतो. आता मास्तर नाही, शाळा नाही, फक्त ती आणि माझी पेटी. माझी मुलगी माझ्याकडून शिकेल आणि जन्मभर सांगेल, मला बापाने शिकवलं.

तू आमच्या झोपडीत राहिली नाहीस. नाल्याच्या पलीकडे, वीस-पंचवीस पावलांवर, तू आपली वेगळी खोप घातलीस. "मी घरोघर जास. पोरले मन्हाजोडे येऊ देवानं नही," म्हणालीस. कुणाला ताप भरला की तू पेज घेऊन जायचीस, म्हणून नातीला शिवायची नाहीस. मी म्हटलं, बरं झालं. मला वाटलं, नाला मध्ये असल्यावर पोर माझीच.

पण थंडीतली ती सकाळ मला आजही दिसते. धुकं जमिनीला चिकटलेलं, झोपड्याझोपड्यांतून चुलीचा धूर सरळ उभा राहतोय. मी चौकट मांडून बसलोय, पोर समोर बसलीय, तिचं लक्ष नाही. आणि नाल्यापलीकडून तुझी हाळी येते, "आज कितला धूर शेतस व?" पोर ताडकन उठते, दगडावर चढते आणि गळ्यातली माळ काढते. कसली माळ! चिचोके, कुठला मोठा कुठला लहान, तापलेल्या दाभणाने वाकडी भोकं पाडलेले, सुतळीत ओवलेले, दर विसाला एक गाठ. तू ती नाल्याच्या काठावर ठेवून मागे सरली होतीस, तिने ती उचलली होती. एक धूर, एक चिचोका; ज्या झोपडीतून धूर नाही तिथे कोणीतरी पडलेलं. ती बोटाने सरकवत जाते आणि ओरडते, "तीन इसा, मोठमाय!" तीन विसा, म्हणजे साठ. तू बाजारात डिंक नि चारोळी विकणाऱ्या डोंगरातल्या बायांबरोबर आयुष्यभर विसावरच मोजलंस, पोरीलाही तेच लावलंस. माझे दहा-दहाचे मणी तिथेच पडलेले, एकाच वजनाचे.

माळावर रोज गावातून कुणी ना कुणी बातमी घेऊन यायचं, अमका गेला, तमकीला गाठ आली. तुझा दंडक असा की धूर मोजून होईतो कोणी तोंड उघडायचं नाही. "पहिले मोज, मंग घाबर," हे तू त्या सात वर्षांच्या पोरीला शिकवलंस, आणि तिच्या तोंडून सगळ्या माळाने उचललं. एकदा ती ओरडली, तीन इसांत एक कमी. "कोना?" तू विचारलंस. निंबाखालचा, ती म्हणाली. तू पेजेचं गाडगं घेऊन निघालीस तोच त्या झोपडीतून आमच्या गल्लीतला तेली बाहेर आला, डोळे लाल, खोकत. "मी जित्ता शे व माय! काड्या वल्या शेतस!" सगळा माळ हसला. किती दिवसांनी माणसं हसली होती. तू म्हणालीस, "जित्ता शे ते पेज पी, आनी शे ते परत नेऊ का?" आणि माझी पोर, जी माझ्या अक्षरांपुढे जांभया द्यायची, ती त्या दिवशी वजाबाकी शिकली. मी झोपडीच्या दारात 'ज्ञ' घासत बसलो होतो. मला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी नाल्याकाठी येऊन तुला बोललो. विसावर मोजणं अडाण्यांचं, शाळेत चालत नाही, तू पोरीची सवय बिघडवतेस. तू चुलीत काटकी सारत होतीस. वरही पाहिलं नाहीस. "तू पोरले शिकाडी नही ऱ्हायना, सोताले दखाडी ऱ्हायना." एवढंच. ते वाक्य मी तेहतीस वर्षं गिळतोय, अजून उतरत नाही. कारण मला तू कधी असं दगडावर उभं करून काही मोजायला लावलं नव्हतंस. माझ्यासाठी तुझ्याकडे वेळ नव्हता, तिच्यासाठी होता. तू मला घरात एकट्याला मिळावीस म्हणून मी लहानपणी ताप आल्याचं सोंग करायचो, आणि हिला तू नाल्यापलीकडूनही रोज मिळत होतीस.

मग मी पोरीला लालूच दाखवली. दहावर मोजून नेमका आकडा सांगशील त्या दिवशी ही पेटी तुझी. ती दोन दिवस पुटपुटत राहिली. तिसऱ्या सकाळी तुझी हाळी आली नाही. माझ्या ते लक्षात आलं, आणि मला वाटलं, बरं झालं, बोलणं लागलं वाटतं म्हातारीला. पोर आपणहून दगडावर चढली, बराच वेळ उभी राहिली, उतरून माझ्याजवळ आली आणि शुद्ध भाषेत म्हणाली, "बाबा, एकोणसाठ." मी तिला उचलून घेतलं. शाब्बास म्हणालो. पेटी तिच्यापुढे ठेवली, झाकण कसं उघडतं ते दाखवलं, धूळपाटीवर पाच आणि नऊ काढून दाखवले, तिच्याकडून दहा वेळा गिरवून घेतले. नऊचं शेपूट तिला जमेना, तेही धरून बसलो. ऊन ताट्यांवर चढलं. ती गिरवत होती, पण मान सारखी वर करत होती. शेवटी म्हणाली, "बाबा, कोना ते इचारानं नही का?"

ती ओरडली नव्हती, रडली नव्हती. तिला शिकवलेलं होतं, आधी आकडा सांगायचा, मग मोठं माणूस विचारतं, कोणाचा. ती विचारण्याची वाट पाहत होती. मी विचारलं. तिने बोट नाल्यापलीकडे केलं.

तू जिवंत होतीस. चूल थंड, अंगाला हात लावला तर भट्टी. मी पाणी पाजलं, निम्मं गळ्यावरून ओघळलं. तू म्हणालीस, "पोर घाबरनी का?" नाही म्हटलं. "मोजं तिनी?" म्हटलं, मोजलं. इतका वेळ कुठे होतास, हे तू विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर बरं झालं असतं. दिवस मावळायच्या आत तू गेलीस. वैद्य म्हणाला, तासाभराने काही फरक पडला नसता. त्याला काय माहीत, मी त्या तासात काय करत होतो. ते फक्त पोरीला माहीत आहे.

आज ती नवापूरला मुलींच्या शाळेत मास्तरीण आहे. या साली पुन्हा रोगराई, पुन्हा शाळेला कुलूप, आणि ती घरोघर चिचोक्यांच्या माळा वाटत हिंडते. मुलांना अंगणातून काय काय मोजायला लावते, कोणाचं दार उघडलं, कोणाचं नाही. लोक तिला विचारतात, बाई, एवढ्या धांदलीत तुम्ही इतक्या शांत कशा? ती सांगते, मला माझ्या आजीने शिकवलं. सगळ्यांना सांगते. पत्रातही लिहिते. तिने कॉलेजात पहिला नंबर काढला तेव्हाही हेच म्हणाली, आणि मी शेजारी उभा होतो, नव्या टोपीत. त्या सकाळची गोष्ट मात्र तिने कुणालाच सांगितलेली नाही, माझ्यापुढेही कधी काढली नाही. ही तिची दया आहे का, हे मी विचारू शकत नाही. ते शांत बसणंही तिने तुझ्याकडूनच उचललं असणार. म्हणजे तिथेही तूच.

गेल्या आठवड्यात तिच्याकडून पत्ता घेऊन सुरतेकडचा एक व्यापारी आला, शाळेच्या पाट्या-पुस्तकांचा. म्हणाला, शाळा बंद असल्या तरी घरी शिकायचं सामान खपतं. मी पेटी काढली. त्याने झाकण दोनदा उघडलं-मिटलं. "काम तो सरस छे, मिस्त्री. पण ह्याला पोर नाही, देव्हारा पाहिजे!" आणि मग म्हणाला, ती चिचोक्यांची माळ कुठे आहे? मूळची माळ माझ्याकडेच आहे, सातव्या कप्प्यात. त्याने ती हातात घेतली आणि त्याचा चेहरा बदलला, तसा माझ्या कुठल्याही कामावर कधी कुणाचा बदलला नाही. मी सांगितलं, ही माझ्या आईची. तो हसला. "अडाणी म्हातारीचं नाव छापून कोण घेणार? तुम्ही स्वतः शिकलेले माणूस. तुमचं नाव शोभेल."

मी दोन दिवसांची मुदत मागितली. ते दोन दिवस ती माळ माझ्यापुढे होती. मोजून पाहिली. गाठीगाठीने मोजली, तीन इसा, आणि मोजून झाल्यावर लक्षात आलं की दहावर मोजायचं मला सुचलंच नाही. हे पत्र कुठल्या टपालात टाकणार, त्याच कप्प्यात माळेखाली ठेवतो. पोरगी समजते की मी तुझ्या आठवणीपोटी ताबडतोब नकार दिला. ताबडतोब दिला नाही, माय. दोन्ही दिवस मी कागदावर माझं नाव वेगवेगळ्या वळणांत लिहून पाहत होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याला नाही म्हणून कळवलं. त्याने देऊ केलं होतं ते असं: ही माळ मीच शोधून काढली असं विकायच्या डब्यांवर माझ्या पूर्ण नावानिशी छापायचं, आणि रोख दोनशे एक्कावन्न रुपये.