सासूबाईंसाठी गुलाबाचा चहा

४ नोव्हें. २००३, भांडगाव
सासूबाईंचं पित्त परत उसळलं. डॉ. म्हणाले, दुधाचा चहा बंद. त्या रुसून बसल्या. मग दारातल्या गावठी गुलाबाच्या पाकळ्या, जरा गवती चहा, उकळतं पाणी ओतून झाकून ठेवलं. वर खडीसाखर. केंदूरला आई करते तसं. सा. बा. प्यायल्या. "ग्वाड लागतंय की."

९ नोव्हें.
आता रोज मागतात. शेजारणीला सांगत होत्या, "आमची सुनीता फुलांचा च्या करती." नाव घेतलं माझं! एरवी नुसतं 'अगं ए'.

१३ नोव्हें.
दोन दिवस माहेरी केंदूरला राहून आज परत. उंबऱ्यातच सा. बा., "माझा च्या?" फुलं मोजकीच, एकच कप झाला. पाकळ्या दोनदा धुतल्या होत्या. धुतल्याच होत्या.
थोड्या वेळात उलट्या, घाम, तोंडातून लाळ. जीपमध्ये घालून यवतच्या दवाखान्यात नेलं. डॉ.नी विचारलं, पोटात काय गेलं? ह्यांनी माझ्याकडं बोट केलं. "हिचा च्या."

१४ नोव्हें.
सा. बा. वाचल्या. डॉ. म्हणतात, फवारणीचं औषध पोटात गेलंय. नणंद धावत आलीय, माझ्याकडं बघतसुद्धा नाही.
घरी आल्यावर ह्यांना धरून विचारलं. म्हणाले, "शेवंतीवर मारून पंपात थोडं उरलं हुतं. गुलाबावर माव्याची कीड दिसली, मारलं. तू घरी न्हवतीस."
"मग डॉक्टरांसमोर का नाही बोललात?"
"ध्यानात न्हाई आलं तवा."
"आता आलंय ना? सांगा सगळ्यांना."
"बरी झाली ना ती? कशाला वाढवती?"
आणि जेवायला बसले. दोन भाकरी खाल्ल्या.

१८ नोव्हें.
सा. बा. घरी आल्या. माझ्या हातचं पाणीही नको. नणंदच सगळं करते. शेजारीण दारातूनच विचारपूस करून गेली.
ह्यांनी गुलाब उपटून टाकला. म्हणे, कटकट नको. आणि लोकांना काय वाटलं? माझीच फुलं विषारी. मी बोलले तर म्हणतील, नवऱ्यावर ढकलते. ह्यांच्या तोंडूनच यायला पाहिजे.

२० नोव्हें.
चुलत सासरे आप्पा आलेत, नणंदेचे मालकही. मला बाहेर बोलावलं.
आप्पा म्हणाले, "पोरी, खरं सांग. च्यात काय घातलं हुतंस?"
"ह्यांना विचारा."
सगळे ह्यांच्याकडं वळले. खाटेवरून सा. बा., "काय रं? बोल की."
मी आत निघून आले. स्वयंपाकघरात बसून लिहितेय. बाहेर अजून कुणाचाच आवाज नाही.