तुझ्या खोलीतून जाणारी पाइपलाइन

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. तू, तुझे यजमान आणि तुमची ती अगडबंब गाडी, तिघांचीही प्रकृती ठीक असेल असं धरून चालते. खरं तर गाडीची चौकशी आधी करायला हवी होती, कारण तुमच्या घरात सगळ्यात जास्त पिणारी तीच. माझी तब्येत उत्तम आहे. संताप मला नेहमीच मानवतो.

संतापाचं कारण सांगते. इथल्या जमिनीतलं तेल तुझ्या शहरातल्या बंदरापर्यंत न्यायचं आणि तिथून जहाजं भरून परदेशी धाडायचं, यासाठी आमच्या गावातून पाइपलाइन जाणार आहे. (आम्ही पंपावर रांगा लावायच्या आणि तेलाने परदेशवारी करायची.) दोन महिन्यांपूर्वी कंपनीने घरोघर नकाशा पाठवला. धाकटे, तो नकाशा तू बघायला हवा होतास. उत्तर दिशेचा बाण नाही, प्रमाण नाही, टेकडी नदीच्या भलत्याच काठावर, आणि आपल्या घरामागे चक्क नाला. चौतीस वर्षं भूगोल शिकवलेल्या बाईच्या हातात असा कागद पडल्यावर दुसरं काय होणार? मी लाल पेन काढलं. नाल्यावर काट मारून समासात लिहिलं, ‘येथे नाला नाही. सपाट, मोकळी जागा. रुंदी बारा फूट.’ दहापैकी साडेतीन गुण दिले (त्यातला अर्धा टापटिपीचा), खाली सवयीने ‘तपासले’ लिहून सही आणि तारीख ठोकली, आणि कागद परत पाठवून दिला. आपल्या शाळेतल्या सिस्टरांनी पाहिलं असतं तर पाठ थोपटली असती.

पाठ कंपनीनेच थोपटली. आभाराचं पत्र आलं. समोरच्या वकिलांच्या बंगल्यामागून जाणारी पाइपलाइन माझ्या बहुमोल मार्गदर्शनामुळे आता आपल्या घरामागून जाईल, माझी सही संमती म्हणून फायलीत लावली आहे, आणि बारा फूट पुरत नाहीत म्हणून मागची खोली तेवढी पाडावी लागेल. मागची खोली म्हणजे तुझी खोली.

हरकती ऐकायला सभा भरली. वकील चाळीस मिनिटं बोलले. पाइपलाइन त्यांच्या बंगल्यामागे होती तोवर तेलाची निर्यात म्हणजे देशाची लूट होती. आता ती माझ्याकडे वळल्यावर त्याच निर्यातीत त्यांना नातवंडांचं भविष्य दिसू लागलं आहे. शिवाय माणसाने इंधन जपून वापरावं असंही ते कळवळून म्हणाले. घर ते सभागृह अंतर दोनशे पावलं, आणि ते गाडीने आले होते. (मागच्या सीटवर मी होते. माझे गुडघे तुला ठाऊक आहेत.)

मग माझी पाळी आली. मी अकरा मुद्दे काढून नेले होते. निर्यात, दरडोई खप, गळती, सगळं. पहिलाच मुद्दा अर्ध्यावर असताना कंपनीचा इंजिनिअर, जो छताखालीही हेल्मेट घालून बसला होता, अगदी नम्रपणे म्हणाला, “बाई, त्या खोलीत राहतं कोण?”

“माझी बहीण,” मी म्हटलं.

“शेवटच्या कधी आल्या होत्या?”

अंतर विचारलं असतं तर किलोमीटरमध्ये सांगितलं असतं. सहा वर्षं हे उत्तर काही मला भर सभेत देववेना. उरलेले दहा मुद्दे पर्समध्ये घालून मी खाली बसले. वर्गात उत्तर न येणाऱ्या मुलींना मी इतकी वर्षं उभं का केलं, कोण जाणे.

आणखी एक गोष्ट त्या हेल्मेटवाल्याने सांगितली. इथे पाइपात सोडलेलं तेल चौथ्या दिवशी तुझ्या बंदराला पोचणार. वाटेत कुठे थांबत नाही, आणि त्याला पत्रं पाठवून बोलवावंही लागत नाही. तू मात्र एका वर्षी पेट्रोल महाग झालं म्हणून आली नाहीस, दुसऱ्या वर्षी यजमानांची पाठ, आणि गेल्या वर्षी तुझ्या लेकीने विमानाला माणशी किती इंधन लागतं याचा हिशेब ऐकवला म्हणून. (पोरगी हुशार आहे, पण गेल्या उन्हाळ्यात बर्फ बघायला ती काय चालत गेली होती?) मी अजून दर शनिवारी तुझी खिडकी उघडते आणि चादर बदलते. ती मळलेली नसते.

तेव्हा नीट वाच. घर आपल्या दोघींच्या नावावर आहे. कंपनीच्या कचेरीतला कारकून म्हणतो की वीस तारखेच्या आत दुसऱ्या मालकिणीने, म्हणजे तू, हरकत घेतलीस तर माझी संमती रद्द होते आणि खोली वाचते. यजमानांना नमस्कार, लेकीला आशीर्वाद.

तुझी,
ताई

ता.क. हरकतीची सही इथे येऊन, कारकुनासमोरच करावी लागते. गाडीनेच ये. किती पिते ते पिऊ दे, मी खपाबद्दल चकार शब्द काढणार नाही.

ता.ता.क. खोटं लिहून पत्र संपवणं बरं दिसत नाही. त्या कारकुनाने एक छापील अर्ज दिला आहे. तो सही करून टपालाने पाठवला तरी चालतो. मी तो या पाकिटात घातलेला नाही. टपालाने वाचलेली खोली घेऊन मी काय करू?