कोपऱ्यातलं मेण

आबा, मी एका गॅस प्लांटच्या गेटबाहेर गाडीत बसले आहे. दुपारचे सव्वादोन वाजलेत. शुगर लँडच्या आमच्या ऑफिसातून इथवर यायला दीड तास लागला. एसी बंद करून पाहिला, पाच मिनिटांत पाठ ओली झाली. गेटवरच्या माणसाने माझं ओळखपत्र पाहिलं, मग मागच्या सीटवर टॉवेलात गुंडाळून सीटबेल्ट लावलेल्या वस्तूकडे वाकून पाहिलं आणि विचारलं, "बाळ झोपलंय का?" मी म्हटलं, "नाही, चाक आहे." तो हसला नाही. म्हणाला, "थांबा, आतून कोणीतरी येईल." त्याला चाळीस मिनिटं झाली. तपासणीच्या रिपोर्टची मागची बाजू कोरी आहे, तिच्यावर हे लिहिते आहे. कुंपणापलीकडून एक बारीक, एकसुरी घरघर येते आहे. पाच वाजता त्यात आणखी एक आवाज मिसळणार आहे. गॅस दाबणारं ते यंत्र मी आखलेल्या पातेदार चाकावर फिरणार आहे.

माझं काम तुम्ही पाहिलं नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते. तुम्ही सागवानाचे पॅटर्न करायचात, ते वाळूत दाबून मोल्डर साचा करायचे आणि त्यात लोखंड ओतलं जायचं. मी तेच पडद्यावर करते, फक्त लाकूड नाही. आकार पातळ पापुद्र्यांचे असतात आणि त्यांच्या कडा एकमेकींना जोडायच्या असतात. दोन कडा कधीच तंतोतंत जुळत नाहीत, म्हणून सॉफ्टवेअरला आधी सांगून ठेवावं लागतं की एवढी फट असली तरी ती नाही असं समज. त्या आकड्याला टॉलरन्स म्हणतात. आकडा लहान असला तर फट दिसते. मोठा केला तर फट तिथेच राहते, सॉफ्टवेअर मात्र सांगतं की सगळं बंद आहे.

गिऱ्हाईकाची फाइल मिलिमीटरमध्ये होती, आमच्या शॉपला सगळं इंचात लागतं. मी युनिट बदललं. सॉफ्टवेअरने विचारलं, मॉडेलही त्या प्रमाणात बदलायचं का? मी हो म्हटलं. आकार बरोबर राहिला. टॉलरन्सचा आकडाही होता तसाच राहिला, शून्य दशांश शून्य एक. पण मघाशी तो मिलिमीटरचा शंभरावा भाग होता आणि आता इंचाचा शंभरावा भाग झाला, म्हणजे पंचवीस पट. त्यानंतर मी पात्यांच्या बुडाशी असलेली गोलाई नव्याने बांधली आणि जोडली. पडद्यावर हिरवी खूण आली. मी पुढच्या कामाला लागले.

ही चूक मला सहावीतच शिकवली गेली होती. भूमितीच्या गृहपाठाला मी तुमचं स्केल घेतलं होतं, पॅटर्न शॉपमधलं. लोखंड थंड होताना आखडतं, म्हणून त्या स्केलवरचं प्रत्येक माप जरासं ताणून कोरलेलं असतं. माझी दहा सेंटिमीटरची रेघ एक मिलिमीटर जास्त भरली आणि बाईंनी पूर्ण पान खोडलं. संध्याकाळी तुम्ही ते पान पाहिलंत. आई म्हणाली, "लहान आहे, कळत नाही तिला." तुम्ही म्हणालात, "कळाय पायजे. आधी स्केल कुठलं ते बघायचं, मग आकडा वाचायचा." त्याच स्केलने माझ्या बोटांवर एकच हलका टोला. पुढे मी हॉस्टेलला निघाले तेव्हा तेच स्केल तुम्ही माझ्या बॅगेत ठेवलंत आणि बजावलंत, "ह्यानं घरातलं काय मोजू नको." ते आता ऑफिसात माझ्या कीबोर्डच्या वर असतं. युनिट बदललं तेव्हाही तिथेच होतं.

मंगळवारी स्टोअरमध्ये गेले होते. त्याच फाइलवरून कापलेलं दुसरं चाक तिथे स्पेअर म्हणून ठेवलेलं आहे. मी तुमच्या सवयीने पात्याच्या बुडाशी नख फिरवलं. नख अडकलं. पायरी होती, दोनशे मायक्रॉनची, म्हणजे दोन-तीन केस एकावर एक ठेवावेत एवढी. जिथे ताण सगळ्यात जास्त असतो, नेमकी तिथे. मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या चाकाला एवढी पायरी पुरते. आधी तिथे न दिसणारी चीर पडते, मग ती वाढते. पातं सुटलं तर बाहेरच्या आवरणात थांबेल की नाही, याचं गणित मी केलेलं नाही. टाळलं आहे.

आमचे सीनियर मूळचे नागपूरचे. ऑफिसात सगळे त्यांना नावाने हाक मारतात, मी काका म्हणते.

"काका, त्या फाइलचा टॉलरन्स चुकलाय. माझ्याकडून."

"इन्स्पेक्शन रिपोर्ट ग्रीन आहे ना?"

"ज्या मॉडेलशी ताडून पाहिलं, ते मॉडेलच चुकलंय."

"अगं, वीस मायक्रॉनसाठी कस्टमरला पॅनिक करू नकोस, यार."

"वीस नाही. दोनशे."

ते हसले. "तुम्ही कोल्हापूरचे लोक! आधी तिखट, मग विचार." मग उठून दार लोटलं. "तुझं व्हिसाचं रिन्यूअल पुढच्या महिन्यात आहे ना? एक क्वार्टर थांब. शटडाउनमध्ये बदलून देऊ. कोणाला कळणार नाही." ते वाईट नाहीत. मला पहिल्या वर्षी एअरपोर्टवर घ्यायला तेच आले होते. मी मंगळवार थांबले, बुधवार थांबले. आज सकाळी इथल्या इंजिनिअरला फोटोसह मेल केला. उत्तर लगेच आलं, पण यंत्राकडून: सोमवारपर्यंत रजेवर. कंट्रोल रूमचा फोन वाजत राहिला. मग स्टोअरच्या वहीत सही करून स्पेअर चाक उचललं. काकांचे तीन मिस्ड कॉल आहेत.

इथे बसल्यावर मला त्या रविवारचं स्वयंपाकघर दिसतं आहे. उसाच्या चरकाच्या ब्रॅकेटचा पॅटर्न तुम्ही घरी आणला आहे, सोमवारी सकाळी तो द्यायचा आहे. आई कुरकुरत एक शेगडी सोडते. पातेल्यात मेण मऊ होतं आहे, घरभर मधाच्या पोळ्याचा वास. मी पाटावर त्याच्या वाती वळते आहे, कापसाच्या वळतात तशा. अठरा कोपरे, अठरा वाती. तुम्ही गोल टोकाची सळई तापवून एकेक वात कोपऱ्यात दाबून त्याला गोलाई देता आणि नख फिरवून पाहता. "लोखंड कोपऱ्यातनं फुटतंय बघ," तुम्ही सांगता. "कोपरा कदी उघडा सोडायचा न्हाई."

हंगामाच्या मध्यावर तो ब्रॅकेट फुटला, कोपऱ्यातूनच. चरकाजवळच्या माणसाची दोन बोटं गेली. तोवर पॅटर्न कितीदा तरी वाळूत जाऊन आला होता, बऱ्याच कोपऱ्यांतलं मेण झडलं होतं. मुळात कुठे होतं आणि कुठे नव्हतं, हे पाहून कळायला मार्ग नव्हता. दोष आला मोल्डरमामांवर, वाळू कच्ची ठोकली म्हणून. ते मला सायकलवरून शाळेत सोडायचे. ते घरी आले, बसले नाहीत. "तू तरी सांग की. पॅटर्न तुझा हाय." तुम्ही त्यांना थांबायला सांगून आत आलात. मी अभ्यास करत होते. "काय गं, वाती सगळ्या लागल्या न्हवं त्या दिवशी? अठराच्या अठरा?" मी हो म्हणाले. तुम्ही बाहेर गेलात आणि म्हणालात, "पॅटर्न बरोबर हुता." मामांना कामावरून काढलं. तुम्ही परत कधी मला वाती वळायला बसवलं नाहीत, आणि का ते मीही विचारलं नाही.

गेट उघडलं आहे. पिवळं हेल्मेट घातलेली एक बाई माझ्या गाडीकडे चालत येते आहे. मी चाक दाखवीन, तिचं नख तिथे फिरवायला लावीन. तिचा पहिला प्रश्न मला माहीत आहे: तुला हे कधीपासून माहीत होतं? मंगळवारपासून, असं सांगेन.

तुम्हीही विचारलं होतंत, आबा. वाती अठरा वळल्या होत्या, लागल्या सतरा. उरलेलीची मी अंगठी केली. तुम्ही दारात उभे होतात तेव्हा ती माझ्या कंपासपेटीत होती.